इफ्तारचं बिल आणि फितऱ्याचं माप



रमजानात आपण दुपारचं जेवण सोडतो. मग वाण्याचं बिल वाढतं कसं? दस्तरखान बघा. भजी, समोसे, सरबत, फळं आणि तासाभराने पुन्हा पूर्ण जेवण.

तीन गोष्टी करून पाहू. इफ्तारला खजूर, पाणी आणि हंगामातलं एक फळ. मगरिबची नमाज झाली की थेट जेवण. तळण फक्त जुम्म्याला. आणि शीरखुर्म्याचा मेवा शाबानमध्येच थोडा थोडा घ्यायचा. ईदच्या तोंडावर भाव चढतात. चारोळी-पिस्ता परवडत नसेल, तर खारीक-खोबऱ्यावरही शीरखुर्मा होतो.

‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न येणारच. पण ईदला धर्माने नेमून दिलेला खर्च फितऱ्याचा आहे. ऐपत असलेल्याने माणशी एक साअ, म्हणजे सुमारे अडीच ते तीन किलो धान्य, ईदच्या नमाजाआधी गरजूंना द्यायचं. हनफी मतानुसार गहू असेल तर अर्धा साअ, आणि किंमत दिली तरी चालते. उधारीची बिर्याणी यात कुठेच नाही. उलट कुरआनच्या सातव्या सूरहची 31वी आयत खाण्यापिण्यातल्या उधळपट्टीला मनाई करते.

हा हिशेब एकट्या अम्मीवर टाकू नका. तीही रोजा ठेवूनच दुपारपासून गॅसपाशी उभी असते. यादी तुम्ही करा, बाजार तुम्ही करा, एक पदार्थ कमी मागा. वाचलेले पैसे वेगळे ठेवा. जूनमध्ये बहिणीची फी भरताना उधार मागायची वेळ येणार नाही.