पिवळी फीत

सप्टेंबर १९९४ मध्ये अमेरिकेतील कोलोराडो राज्यात १७ वर्षांच्या एका मुलाने आत्महत्या केली. मोडकळीस आलेली १९६८ सालची मस्टँग मोटार त्याने स्वतः खपून दुरुस्त केली होती आणि तिला पिवळा रंग दिला होता. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली, की हा मदतीला थांबे. इतरांच्या अडचणीला धावणाऱ्या या मुलाची स्वतःची वेदना मात्र घरच्यांना, मित्रांना कळली नाही. त्याच्या अंत्यविधीसाठी मित्रमैत्रिणींनी पिवळ्या फिती लावलेली कार्डे तयार केली. जगणे असह्य झाले तर कुणाकडे तरी मदत मागा, एवढाच त्यांवरील मजकुराचा आशय होता. टोपलीतील सारी कार्डे लोकांनी उचलली. पुढे आईवडिलांनी त्यातूनच ‘यलो रिबन’ ही आत्महत्या प्रतिबंधाची मोहीम उभारली. शब्द न सुचणाऱ्या मुलाने कार्ड नुसते हातात दिले, तरी ती मदतीची हाक समजायची, हे तिचे खरे मोल. दुःखाला इतके उपयोगी रूप क्वचितच मिळते.

१० सप्टेंबर हा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन २००३ पासून पाळला जातो. भारतात ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास चालते. मन खचले असेल, तर हा क्रमांक जरूर फिरवा.