गार्गीचा प्रश्न



तत्त्वज्ञान म्हटले की आपल्याला वाटते, ते पंडितांचे काम. आपल्याला काय त्याचे! पण तसे नाही. त्याची सुरुवात एका साध्या शब्दाने होते. तो शब्द म्हणजे 'कशावरून?'

डोंगरावर धूर दिसला, की आपण म्हणतो, तिथे आग आहे. कशावरून? धुरावरून. चुलीत आपण दोन्ही एकत्र पाहिलेले असतात. न्यायशास्त्राचे पंडित हाच दाखला देत. चार्वाकमताचे लोक म्हणत, दिसेल तेवढेच खरे. बुद्धांनी सांगितले, ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय मानू नका. जैन आचार्य म्हणाले, वस्तूला अनेक बाजू असतात. मते वेगळी, पण प्रत्येकाला कारण द्यावे लागे.

आता एका बाईची गोष्ट ऐका. बृहदारण्यक नावाचे फार जुने उपनिषद आहे. त्यात जनक राजाच्या सभेत मोठा वाद होतो. गार्गी याज्ञवल्क्य ऋषींना विचारते, हे जग कापडासारखे विणले आहे, तर ते कशावर विणले आहे? उत्तर मिळाले, की तिचा पुढचा प्रश्न तयार! शेवटी ऋषी म्हणाले, फार विचारू नकोस, डोके गळून पडेल. गार्गी गप्प बसली. पण थोड्या वेळाने भर सभेत उठली आणि पुन्हा विचारलेच. डोके जागेवरच राहिले! आता उत्तरही मिळाले. सगळे 'अक्षरा'वर विणले आहे. अक्षर म्हणजे ज्याचा नाश होत नाही ते.

ही गोष्ट पुढे फार लांब गेली. शहाजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह. त्याने १६५७ साली काशीच्या पंडितांच्या मदतीने पन्नास उपनिषदे फारसीत आणली. फारसीवरून दुपेराँ नावाच्या फ्रेंच पंडिताने ती लॅटिन भाषेत नेली. ते पुस्तक १८०१-०२ साली छापले गेले. जर्मनीतल्या शोपेनहौअर या तत्त्ववेत्त्याने ते वाचले. त्याला त्यातून जन्मभर धीर मिळाला. दारा १६५९ साली मारला गेला. पण त्याचे काम राहिले.

मंडळी, आपण वाचायला शिकलो, त्या खुणांनाही अक्षरच म्हणतात. आता कोणी कागद पुढे करून 'कर सही' म्हणाले, तर आधी वाचा. मग विचारा, कशावरून? आणि घरातली लेक-सून काही विचारू लागली, तर तिला गप्प बसवू नका. गार्गीही कोणाची तरी लेकच होती.