दुसऱ्या भेटीला नक्की जा!



समुपदेशनाला एकदा जाऊन आलेली आणि पुन्हा तिकडे न फिरकलेली माणसं आमच्या जळगाव जामोद तालुक्यात मला सारखी भेटतात. “गेलतो ना. नुसतेच प्रश्न इचारले. गोयी नाई, काई नाई,” असं म्हणतात आणि विषय मिटवतात. आज त्यांच्याशी बोलायचं आहे, आणि पहिल्यांदा जायचं मनात घोळतंय त्यांच्याशीही.

शिंप्याकडे कापड घेऊन गेलं की पहिल्या दिवशी तो काय करतो? मापं घेतो. त्याच दिवशी शर्ट अंगात घालून घरी येऊ, असं कुणी धरून चालत नाही. समुपदेशनाची पहिली भेटही मापं घेण्याची असते. झोप लागते का, पहाटे लवकर जाग येते का, जेवण जातं का, कामात जीव रमतो का, घरात कोण कोण, कर्जाचं काय, दारू किती. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारतात. त्या प्रश्नाने दचकू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. दाबून ठेवलेलं बोलायला वाट मिळते.

आणि मापं देताना पोट आत ओढून उभं राहिलं, तर शर्ट आवळणारच! दारू रोजची असेल तर “कधीमधी घेतो” म्हणू नका. रडू आलं तर येऊ द्या. शब्द फुटेना तर थोडा वेळ गप्प बसलात तरी चालतं.

घरच्यांनाही एक सांगते. सुनेला विचारलं “झोप कशी लागते?” की उत्तर सासूबाई देतात. भुकेचं विचारलं की नवरा बोलतो. आणि ती बिचारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली मान घालून बसलेली! अहो, माप कुणाचं घ्यायचंय? तुम्हाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं तर रागावू नका. तिथलं बोलणं गावभर होत नाही. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गुप्ततेचा हक्क दिलेला आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल, तर तेवढ्यापुरता अपवाद.

पहिल्या भेटीनंतर कुणाला हलकं वाटतं, कुणाला उलट जडच वाटतं. जुनं सगळं वर आलेलं असतं. माणसं नेमकी इथेच सोडून देतात. म्हणून पुन्हा सांगते, ती नुसती मापं होती, शिवण अजून सुरूच झालेली नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आपण बोलायचं, “इथे आवळतंय, हे मला पटलं नाही.” चांगला समुपदेशक त्याचा राग धरत नाही. तीन-चार भेटींनंतरही सूर जुळला नाही तर दुसऱ्याकडे जा. शिंपी बदलतो आपण, कपडे शिवणं सोडत नाही.

आता अंतराचं. नांदुरा, मोताळा करत एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी, बुलढाण्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते. ही अडचण खरी आहे. त्यासाठी 14416 हा टेलि-मानस या फोनवरच्या समुपदेशन सेवेचा क्रमांक आहे. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतून बोलता येतं. तिथेही आधी प्रश्नच विचारतील. फोन ठेवून देऊ नका. शेतकरी कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्य सरकारने 2015 मध्ये 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आपला बुलढाणा आहे. त्याचे प्रश्न घेऊन आशाताई दारात आली, तर “सगळं बरं हाय” म्हणून तिला वाटेला लावू नका.

औषधांचं राहिलंच. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ देतात, समुपदेशक नाही, आणि सगळ्यांनाच त्या लागतात असंही नाही. उदासीवरच्या गोळीचा गुण यायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर मनाने बंद करू नका. यावर खरं तर पुष्कळ… पण वेळ संपत आला आहे.

तेव्हा पहिल्या भेटीतून उठण्याआधी पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्या, आणि त्या दिवशी जा. मन नको म्हणालं तरी जा.