चेंडूचा धनी आणि संघाचा धनी
(फर्दापूर येथील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



फर्दापूरला येणारा प्रवासी अजिंठ्याची लेणी पाहून परततो. तेथील सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा दानलेख आहे. डोंगर फोडणाऱ्यांचा लेख नाही. श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही रीत जुनीच. परंतु ज्याचे नाव वृत्तपत्रांत ठळकपणे छापले गेले, त्याच्याही श्रमाचा अधिकार दुसऱ्याकडेच राहिला, असे उदाहरण पाहावयाचे तर पालवणकर बाळू यांच्या क्रिकेटच्या कारकिर्दीकडे वळावे लागते.

बाळूंचा जन्म 1876 चा, धारवाडचा. कुटुंब चर्मकार समाजातील, वडील लष्कराच्या नोकरीत. पुण्यात एका पारशी क्लबाच्या मैदानावर खेळपट्टी झाडणे व रूळ फिरविणे हे बाळूंचे पहिले काम. पगार दरमहा तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपये मिळू लागले. तेथे ग्रेग नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला सरावासाठी डावखुऱ्या बाळूंची फिरकी हवी असे. बाद केल्यास आठ आणे देण्याचा त्याने करार केला होता, असे सांगतात. तासन् तास गोलंदाजी करणाऱ्या या नोकराच्या हाती बॅट मात्र कधी दिली गेली नाही.

ही श्रमविभागणी क्रिकेटपुरती नव्हती, हिंदुस्थानपुरतीही नव्हती. इंग्लंडमध्ये फलंदाजी हे सद्गृहस्थांचे भूषण आणि गोलंदाजी हे पगारी खेळाडूंचे कष्टाचे काम, अशीच वाटणी होती. तेथील रग्बी तर 1895 मध्ये, बुडालेल्या मजुरीची भरपाई कामगार खेळाडूला द्यावी की नाही, या प्रश्नावर दुभंगली. वेल्समध्ये खाणीतले मजूर पुढच्या फळीत रेटारेटी करीत. आपल्याकडे या वर्गभेदावर जातीचा आणखी एक थर होता, इतकेच. पण हे 'इतकेच' फार महाग पडणारे होते.

पुण्याच्या हिंदूंनी बाळूंना संघात घेतले ते युरोपियनांना हरवायचे होते म्हणून. मैदानावर त्यांनी स्पर्श केलेला चेंडू सर्वांना चालत होता; चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. चेंडू बाटत नव्हता, कपबशी बाटत होती! धर्मशास्त्राची ही सोयीस्कर लवचीकता अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य अभ्यासावी.

बाळू पुढे मुंबईत गेले, रेल्वेच्या संघाकडून व हिंदू जिमखान्याकडून खेळले. 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरविले, त्यात त्यांचा वाटा मोठा होता. 1911 चा इंग्लंडचा दौरा तर त्यांचाच म्हटला पाहिजे. कर्णधार पतियाळाचे महाराज बहुतेक सामन्यांना मैदानावरच नव्हते. प्रथम दर्जाचे 14 सामने झाले, त्यांपैकी जिंकले फक्त 2. अशा संघात या पस्तिशीच्या गोलंदाजाने दौऱ्यात एकूण 114 बळी मिळविले.

तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. वर्षामागून वर्षे उच्चवर्णीय कर्णधार येत राहिले. 1920 मध्ये बाळूंना संघातून वगळले गेले, तेव्हा शिवराम व विठ्ठल या त्यांच्या भावांनी निषेध म्हणून खेळण्यास नकार दिला. या पहिल्या सामुदायिक असहकाराचे महत्त्व आपल्या चळवळीत पुरेसे ओळखले गेलेले नाही. माघार घ्यावी लागली ती व्यवस्थापकांना. बाळू उपकर्णधार झाले. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाचे खेळण्याचे दिवस तेव्हा सरले होते.

बाळूंचे राजकारण अनेकांना अडचणीचे वाटते. तरुणपणी आंबेडकरांना त्यांच्याविषयी आदर होता. परंतु 1932 च्या पुणे करारावर सही करणारे बाळू 1937 च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसतर्फे खुद्द आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. त्यांना केवळ हस्तक ठरविणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. सवर्णांच्या संघात राहून, कामगिरीच्या बळावर दार उघडता येते, हा त्यांच्या आयुष्याचा अनुभव होता, आणि ते दार निम्मे उघडलेही होते. आंबेडकरांनी त्या निम्म्या उघड्या दाराचा हिशेब अधिक काटेकोरपणे केला. दलितांची मते आंबेडकरांकडे अधिक गेली असतील, पण बाळूंनाही हजारो मते पडली, याचा अर्थ दोन्ही विचार त्या समाजात जिवंत होते. बाळू 1955 मध्ये वारले, तेव्हा अस्पृश्यतेच्या प्रथेला गुन्हा ठरविणारा कायदा देशात नुकताच झाला होता.