डेलिया : आपल्या रब्बीचं फूल



डेलियाचा विषय काढला की आपल्या परतूर भागात एक उत्तर ठरलेलं असतं. "ते थंड हवेच्या गावचं फूल, आपल्या उन्हात कुठं टिकतंय!" अर्धी गोष्ट खरी आहे. आपलं मे महिन्याचं ऊन त्याला सोसत नाही. पण परतूरला काही बाराही महिने मे नसतो. ज्या दिवसांत आपल्या शिवारात ज्वारी आणि हरभरा उभा असतो, रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, ते दिवस डेलियाचे. खरीप, रब्बी आपल्याला सांगावं लागत नाही. डेलिया रब्बीत धरायचा, एवढंच त्याचं मर्म आहे. ज्यांचा तो फसतो त्यांचं बहुतेक वेळा पंचांग चुकलेलं असतं. विलायती पुस्तकं मे महिन्यात लावा म्हणून सांगतात. तो तिकडचा वसंत असतो, आपल्याकडे त्या महिन्यात कंद जमिनीतच भाजून निघतो.

हे झाड मूळचं मेक्सिकोच्या डोंगराळ पठारांवरचं. तिथून त्याचं बी १७८९ च्या सुमारास स्पेनमध्ये, माद्रिदच्या राजोद्यानात आलं. तिथल्या काव्हानियेस नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं १७९१ मध्ये आंद्रेस डाल या स्वीडिश अभ्यासकाच्या स्मरणार्थ त्याचं नाव ठेवलं. भारतात ते १८५७ साली कलकत्त्याच्या कृषी-उद्यान संस्थेमार्फत पोचलं असं सांगतात. बंगाल आजही डेलियाच्या नादात आपल्या पुष्कळ पुढं आहे. आपल्याकडे बघायचा असेल तर पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणारं पुष्पप्रदर्शन गाठा. एकदा डोळ्यांनी आकार पाहिला की मग माझ्या शब्दांची गरज उरणार नाही.

डेलियाचे प्रकार पुष्कळ. आज बोलायचं आहे ते 'डेकोरेटिव्ह' गटाबद्दल. रुंद, सपाट पाकळ्यांच्या थरावर थर, आणि मधली पिवळी चकती अजिबात दिसत नाही, तो हा गट. यात ताटाएवढं, १० इंचांच्या वर जाणारं फूलही आहे आणि ४ इंचांच्या आतलं छोटंही. मोठ्याचा मोह सगळ्यांना होतो. माझं विचाराल तर बागेच्या कडेला आणि फुलदाणीला ४ ते ६ इंचांचंच फूल शोभतं. त्याहून मोठं फूल प्रदर्शनाच्या टेबलावर ठीक. बागेत ते आपल्याच वजनानं मान टाकतं.

आता पंचांग. गौरी-गणपती उरकले की तयारीला लागायचं. परतूर साधारण साडेएकोणीस अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरात आपला दिवस जेमतेम ११ तासांचा होतो. दिवस लहान झाला की डेलियाचं लक्ष फुलावरून उडतं आणि जमिनीखाली कंद भरण्याकडे लागतं. म्हणून दिवस आखडण्याआधी झाड अंगानं भरलेलं हवं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लावलेलं झाड डिसेंबरअखेर फुलावर येतं आणि फेब्रुवारीपर्यंत चालतं. नोव्हेंबर उलटल्यावर लावलंत, तर झाड गुडघ्याएवढंच राहतं, फुलं विरळ येतात आणि त्यांची मधली चकती उघडी पडते. मग आपण नर्सरीवाल्याला बोल लावतो की यानं हलकी जात दिली. त्या बिचाऱ्याची काही चूक नसते.

जमिनीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी अडचण तिथं आहे. आपली काळी कसदार जमीन कापसाला, तुरीला उत्तम. डेलियाच्या कंदाला मात्र ती जड जाते. पाणी धरून ठेवते आणि कंद सडतो. म्हणून सपाटीवर लावू नका. वीतभर उंच गादीवाफा करा आणि मातीत तिसरा हिस्सा बारीक मुरूम किंवा जाड वाळू, तेवढंच चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. दुसरी गोष्ट चुनखडीची. आपल्या कित्येक जमिनींत आणि बोअरच्या पाण्यातही चुना असतो. जमिनीत लोह असूनही मग ते झाडाला घेता येत नाही. शेंड्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मोसंबीवाल्या मंडळींना हे दुखणं ओळखीचं आहे. अशा वेळी युरिया टाकत सुटू नका. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारा. युरियानं झाड माजतं, पाला होतो, फूल होत नाही आणि कंदही पोचट निघतो. खत द्यायचंच असेल तर कळी दिसल्यावर शेंगदाण्याची पेंड भिजवून, ते पाणी दहापट पातळ करून आठवड्याला एकदा द्या.

जागा पूर्वेकडची पाहा. सकाळचं ऊन पोटभर आणि दुपारनंतर थोडी सावली. पश्चिमेच्या भिंतीलगत लावलं तर फेब्रुवारीत भिंतीच्या झळेनं पाकळ्या करपतात. उंच जाती मागं, दोन-अडीच फुटांवर. पुढं बियांपासून होणाऱ्या बुटक्या डेलियाची रांग, फूटभर अंतरानं. बी पेरलं तर रंग कोणता येईल याचा नेम नाही. डेलियात गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे आईसारखी लेक क्वचितच निघते. कडेच्या रांगेत हा जुगार खेळायला हरकत नाही, उलट मजा येते. पण ठरावीक जात हवी असेल तर कंद किंवा छाटकलमच हवं.

उंच झाडाला आधार लागतोच. बांबू आधी रोवायचा आणि मग त्याच्याशेजारी कंद लावायचा. नंतर रोवला तर तो नेमका कंदातून आरपार जातो. बुटक्यांना आपल्या घरच्या तुराट्या पुरतात. झाडाला पानांच्या चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. हे करताना हात धजत नाही, पण त्याशिवाय फांद्या फुटत नाहीत. पुढं प्रत्येक दांडीच्या टोकाला तीन कळ्या येतात. मधली ठेवून बाजूच्या दोन खुडल्या तर फूल भरदार आणि दांडा लांब मिळतो. नुसती बागच सजवायची असेल तर तिन्ही राहू द्या.

कीड म्हणाल, तर डिसेंबर-जानेवारीत शेजारच्या पऱ्हाट्या सुकायला लागतात आणि तिथले फुलकिडे हिरवं शोधत बागेत येतात. पाकळ्यांच्या कडा तपकिरी दिसल्या की ओळखा. ५ टक्के निंबोळी अर्क कळी उमलण्याआधीच फवारा. उमललेल्या फुलावर डाग पडतात. भुरी टाळायला झाडांत हवा खेळती ठेवा.

फुलं काढायची ती पहाटे, दव असताना. गुलाबाची कळी फुलदाणीत उमलते, डेलियाची उमलत नाही. म्हणून फूल तीन चतुर्थांशाहून जास्त उमललेलं असावं. घेताना ते उलटं करून मागच्या पाकळ्या पाहा. त्या ताठ असतील तर फूल ताजं, कागदासारख्या वाटल्या तर उशीर झाला. दांड्यांची टोकं बोट बुडवता येणार नाही इतक्या गरम, पण न उकळत्या पाण्यात उभी करायची आणि पाणी गार होईपर्यंत तशीच ठेवायची. मग रोज पाणी बदललं तर चार-पाच दिवस जातात.

चार-पाचच दिवस. म्हणून पैशासाठी एकरभर डेलिया लावायचा कोणाचा विचार असेल तर मी जरा थांबा म्हणेन. झेंडू पोत्यात भरून जातो, जरबेरा खोक्यात बसतो. डेलिया जालन्याला पोचेपर्यंतच पाकळ्या मोडून घेतो. त्याला वास नाही, हारात ओवता येत नाही, देव्हाऱ्यातही त्याची विशेष विचारपूस नाही. पण २६ जानेवारीचा कार्यक्रम, शाळेचं स्नेहसंमेलन, गावातलं एखादं लग्न, अशा ठिकाणी सकाळी तोडून दुपारी ठेवायला याच्या तोडीचं फूल आपल्याकडे नाही. गावातच खपेल एवढं लावावं.

आता राहिला उन्हाळा. थंड देशांत कंद बर्फापासून वाचवतात. आपल्याला तो उन्हापासून आणि नंतर पावसापासून वाचवायचा असतो. फेब्रुवारी संपता संपता पाणी कमी करा. पानं पिवळी पडली की चार बोटं खोड ठेवून झाड कापा आणि कुदळ लांबून मारून गड्डा उचला. इथं एक गोष्ट नीट ऐका. हळदीच्या बेण्याला अंगभर डोळे असतात, तुकडा कुठलाही लावा, उगवतो. डेलियाचे डोळे फक्त खोड आणि कंद जुळतात त्या मानेपाशी असतात. मान मोडलेला कंद कितीही गुबगुबीत असला तरी त्याला कोंब येत नाही. विकत घेतानाही हीच मान तपासा.

कंद सावलीत आठवडाभर सुकवून, कोरड्या वाळूत किंवा कोळशाच्या भुकटीत, मडक्यात घालून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. रांजणाजवळची जागा चालेल, फक्त मडक्याला ओल लागू देऊ नका. महिन्यातून एकदा वाळू उकरून पाहा. कंद सुरकुतला असेल तर वाळूवर पाण्याचा हलका शिपका द्या. मऊ होऊन वास येत असेल तर तो लगेच बाहेर काढा, नाहीतर शेजारचेही जातील. पानांवर पिवळसर चट्टे येऊन खुजी राहिलेली झाडं हिवाळ्यातच सुतळी बांधून खुणावून ठेवलेली असावीत. तो विषाणूचा रोग आहे, कंदातून पुढच्या वर्षी जातो, तेव्हा त्यांचे कंद ठेवूच नयेत.

पोळा झाला की मडकं उघडायचं. कंद ओल्या वाळूत, मान वर ठेवून मांडा. कोंब तीन इंच झाले की काही कापून वाळूत टोचा. पंधरवड्यात मुळ्या धरतात आणि एका गड्ड्याची पाच-सहा रोपं होतात. उरलेला गड्डा मानेच्या तुकड्यासकट चिरून लावता येतो. चिरलेल्या जागी राख लावायला विसरू नका.