फर पिकवणारा शेतकरी : एका व्यवसायाचा अंत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



शेतकरी म्हटले की नांगर, बैल आणि हिरवे शिवार डोळ्यांसमोर येते. परंतु युरोपातील डेन्मार्क या छोट्याशा देशात एक वेगळा शेतकरी होता. त्याचे पीक जमिनीतून नव्हे, तर पिंजऱ्यांतून येत असे. पाणमांजराच्या कुळातील मिंक हा प्राणी तो वाढवीत असे, आणि तोही केवळ त्याच्या मऊ, दाट केसांच्या कातडीसाठी.

या शेतकऱ्याचे वर्ष ठरलेले असे. मार्चमध्ये नरमादीची जोडी लावायची. एप्रिलअखेर व मे महिन्यात मादीला सरासरी पाच-सहा पिल्ले होत. मासळी आणि कत्तलखान्यातील टाकाऊ मांस यांचा लगदा रोज पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवायचा, पाणी पाहायचे, गवत बदलायचे, आजारी जीव वेगळा काढायचा. लांबच लांब छपरांखाली तारेच्या पिंजऱ्यांच्या ओळी असत. निसर्गात नदीकाठी पोहणारा हा प्राणी तेथे तारेवरच जगे. नोव्हेंबर आला की पुढील पैदाशीसाठी निवडलेले सोडून बाकीचे विषारी वायूच्या पेटीत मारले जात. मग कातडी सोलणे, चरबी खरवडणे, फळीवर ताणून वाळवणे आणि कोपनहेगनच्या लिलावाला पाठवणे. हे लिलावगृह शेतकऱ्यांच्याच सहकारी संस्थेचे होते. संस्थेची स्थापना १९३० ची. कित्येक घरांत हा धंदा पिढ्यान्पिढ्या चालत आला होता.

२०२० साली करोनाचा विषाणू माणसांकडून मिंकमध्ये शिरला आणि बदललेल्या रूपात पुन्हा माणसांत आला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी देशातील सर्व मिंक मारण्याची घोषणा केली. एक हजाराहून अधिक फार्मवर दीड कोटींहून अधिक जीव होते. पुढे उघड झाले की बाधित क्षेत्राबाहेरील निरोगी जनावरे मारण्याचा आदेश देण्यास कायद्याचा आधारच नव्हता. कृषिमंत्र्यांना पद सोडावे लागले. घाईने पुरलेली कलेवरे कुजून वायू झाल्याने जमिनीवर आली आणि २०२१ मध्ये ती पुन्हा उकरून जाळावी लागली. त्याच नोव्हेंबरात एका पितापुत्राच्या रिकाम्या फार्मला भेट दिल्यावर पंतप्रधानांचे डोळे पाणावले.

येथे क्षणभर थांबावे. त्या शेतकऱ्याचे अश्रू खोटे नव्हते. वर्षानुवर्षे जोपासलेला वंश एका आठवड्यात संपला होता, आयुष्याची ओळख पुसली गेली होती. पण ते बहुतेक जीव त्याच महिन्यात त्याच पेटीत जाणारच होते. मिंकच्या दृष्टीने फरक काय पडला? काहीच नाही. एक मरण हिशेबात धरलेले होते, दुसरे हिशेबाबाहेरचे, एवढाच भेद.

शास्त्रात हिंसेचे आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी असे चार प्रकार सांगितले आहेत. नांगराखाली किडामुंगी मरते, ती उद्योगी हिंसा. शेतकऱ्याला धान्य हवे असते, किडीचे मरण नव्हे. फरच्या शेतीत मात्र मरण हेच पीक असते. श्रावकाला वर्ज्य पंधरा कर्मादानांतील दंतवाणिज्यात दातांबरोबर केस, नखे, हाडे व कातडी यांचा व्यापारही आचार्यांनी गणला, तो याच विवेकाने.

तरीही तो शेतकरी तिरस्कारास पात्र ठरत नाही. त्याची मिंकवरील माया आणि त्याचा हात एकाच देहात होते. त्याला त्या मार्गावर ठेवणारे कोट अंगावर घालणारे होते. कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्हींचा हिशेब मांडला, तर खरेदीदाराचा वाटा लहान निघत नाही.

म्हणूनच सुटकेचा खर्चही समाजाने उचलावा, हे न्याय्य आहे. डेन्मार्कने शेतकऱ्यांना मोठी भरपाई दिली. २०२३ पासून हा व्यवसाय पुन्हा करण्यास मुभा मिळाली, पण परतणारे अगदी मोजके निघाले. नॉर्वेने २०१९ मध्ये कायदा करून २०२५ पर्यंतची मुदत दिली आणि भरपाईची तरतूदही केली. जीवदया जनावराशी सुरू होते, पण पोट हातावर असलेल्या माणसापर्यंत पोहोचली नाही, तर ती अपुरी राहते.

भारताने जानेवारी २०१७ मध्ये मिंक, कोल्हा व चिंचिला यांच्या फरयुक्त कातड्यांची आयात बंद केली. समाधानाची गोष्ट आहे. परंतु मिंकचा कोट महाराष्ट्राच्या उन्हात कोण घालतो? तो त्याग सोपा आहे. कठीण प्रश्न कपाटात घडी करून ठेवला आहे. एका रेशमी साडीसाठी हजारो कोश लागतात, आणि सलग धागा मिळावा म्हणून आतील जीव बहुधा जिवंतपणीच वाफेने किंवा उष्णतेने मारला जातो. पूजेच्या सोवळ्यालाही हाच नियम लागू आहे. कोश पाळणारा शेतकरी डेन्मार्कमधील नव्हे, तर कर्नाटकातील किंवा महाराष्ट्रातील असतो, आणि तोही कुटुंबवत्सल असतो.

परदेशातील पिंजऱ्याकडे पाहून हळहळणे सोपे आहे. त्या पिंजऱ्याच्या तारेचे दुसरे टोक स्वतःच्या उंबऱ्यापर्यंत आले आहे का, हे प्रत्येक श्रावक-श्राविकेने घरी जाऊन पाहावे. सुवर्णमहोत्सवाची तीच खरी भेट ठरेल.

जय जिनेंद्र.