स्वागताध्यक्षांचं भाषण : वाईत आपलं स्वागत असो



कामाच्या जागी लागणारी माहिती दुव्यांनी जोडून संगणकावर कशी मांडावी, यावर या संमेलनात आपण दोन दिवस बोलणार आहात. मी हळदीचा व्यापारी, मला त्यातलं काय कळणार? पण गाव तुम्ही नेमकं निवडलंत.

वाईला आलेला माणूस ढोल्या गणपतीला जातो, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा पाहतो आणि परततो. प्राज्ञपाठशाळेकडे कोणी वळत नाही, ही माझी जुनी तक्रार. तिथले गुरू नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच केवलानंद सरस्वती. पिंपळनेरचा एक मुलगा त्यांच्यापाशी शिकला आणि पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी म्हणून पद्मविभूषण झाला. शिष्याचं नाव महाराष्ट्राला पाठ आहे. गुरूंचं नाव आमच्याच पेठेत चार जणांना विचारा, तिघं डोकं खाजवतील. या माणसानं सात खंडांचा मीमांसाकोश रचला. सात खंड, संगणकाविना!

मग तर्कतीर्थांच्या संपादनाखाली इथंच मराठी विश्वकोश घडू लागला. त्यातल्या कितीतरी नोंदींच्या शेवटी 'पहा' असं लिहून दुसऱ्या नोंदींची नावं दिलेली असतात. असा दुव्यांनी जोडलेला मजकूर संगणकावर असला की त्याला 'हायपरटेक्स्ट' म्हणतात आणि हा शब्द टेड नेल्सन यांनी १९६५ साली दिला, असं माझा नातू सांगतो. असेल. पण आमचा 'पहा' मोजून दिलेला असतो. दिसेल त्या शब्दाला नसतो.

हे बोलायला कारण आहे. माझ्या वखारीत हळद पॉलिश करायचं यंत्र आहे, त्याचं माहितीपुस्तक संगणकावर मिळालं. पट्टा तुटला तेव्हा कामगारानं एक दुवा दाबला, त्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. शेवटी कंपनीच्या इतिहासाच्या पानावर पोचला. यंत्र दुपारपर्यंत बंद. यावर काही उपाय निघाला तर स्वागत समितीचा खर्च वसूल झाला असं मी समजेन.

आता क्षमायाचना. काहींची उतरण्याची सोय मंगल कार्यालयात करावी लागली, गाद्या कमी पडल्या, काल रात्री वीज गेली आणि मागच्या खोल्यांत गरम पाणी पोचलं नाही. चुका आमच्या, पोटात घाला. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी दिली, शेतकऱ्यांनी तांदूळ दिला, भगिनी पहाटेपासून चुलीपाशी आहेत. नाव घेऊ नका, असं बजावणारे देणगीदारही आहेत. त्यांना इथूनच नमस्कार.

जेवण एक वाजता. त्याआधी कृष्णेच्या घाटावर जाणार असाल तर पायऱ्या ओल्या आहेत, जपून उतरा.